बिडी न ओढणाऱ्याचं फुप्फुस

मी आयुष्यात एकही बिडी ओढलेली नाही. हे वाक्य मी कुरुंद्यात इतक्यांदा बोललो होतो, की मी दिसलो की लोक हातातली बिडी विझवायचे. आदरानं नव्हे, ते वाक्य पुन्हा ऐकावं लागू नये म्हणून.

गावातल्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवायचो. दरवर्षी आठवीच्या वर्गात माझा एक ठरलेला प्रयोग असे. बाटलीच्या बुडाला भोक पाडून तीत पाणी भरायचं, तोंडाशी कापसाचा बोळा बसवायचा आणि त्यात पेटती बिडी खोचायची. खालून पाणी गळायला लागलं की बाटली बिडी ओढायला लागायची. पोरं टाळ्या पिटायची. मग तो पिवळा पडलेला बोळा चिमट्यात धरून मी विचारायचो, "हे फुप्फुस कुणाचं?" आणि सगळा वर्ग एका सुरात माझ्या थोरल्या भावाचं नाव घ्यायचा.

दादाला हे ठाऊक होतं. त्याला राग नव्हता. प्रयोगाची बिडी मी त्याच्याच खिशातून न्यायचो. "ने बाबा," तो म्हणायचा, "माझ्या बिडीनं धा पोरं शिकून राहिली तर वाईट काय?" मिसरूड फुटायच्या आधीपासून तो बिडी ओढत होता. हळदीच्या रानात दिवसभर खपायचा, सांजच्याला विहाराच्या पारावर बसायचा, आणि त्याला कधी साधा खोकलाही झालेला मी पाहिला नाही.

खोकला मला झाला.

हिंगोली जिल्हा वेगळा होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. आमच्याकडं खोकला महिनाभर थांबला नाही की टीबी समजतात. मलाही टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. मी त्या मोठ्या उत्साहानं घेतल्या. वर्गात जाहीरही केलं, की टीबी हा लपवायचा रोग नाही, तो पूर्ण बरा होतो, माझ्याकडं बघा. पोरं माझ्याकडं बघत राहिली आणि मी दिवसेंदिवस वाळत गेलो. जिना चढताना दम लागायला लागला, तेव्हा बायकोनं मला नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पाठीतून सुई घालून छातीतलं पाणी काढलं, तपासायला पाठवलं, मशीनमध्ये घालून फोटो काढले. मग समोर बसवून त्यांनी विचारलं, "मास्तर, किती वर्षं ओढता?"

"एकही नाही. मी आयुष्यात एकही बिडी..."

"सिगारेट?"

"नाही."

"बघा, डॉक्टरपासून काय लपवायचं?"

शेजारी बायको बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडून राहिली. नंतर कळलं, त्या क्षणी तिला हसू आलं होतं. रडू पुढं बसस्टँडवर आलं. फुप्फुसाचा कॅन्सर होता, हाडांपर्यंत गेलेला. ऑपरेशन करण्याची वेळ टळून गेली होती.

बातमी माझ्याआधी गावात पोचली. गावाला दुःख झालं, त्यात खोट नाही. पण दुःखापेक्षाही गाव कोड्यात पडलं. चहाच्या हॉटेलात त्यावर दोन तट पडले. एक तट म्हणायचा, मास्तरावर अन्याय झाला. दुसरा म्हणायचा, मास्तर चोरून ओढत असतील. आमचा शाळेचा शिपाई पहिल्या तटातला, पण त्यानंच नकळत दुसऱ्याला पुरावा दिला. "दरसाली बिडी तर न्यायचे बाबा वर्गात," तो म्हणाला. झालं. प्रयोगाच्या नावाखाली मास्तर बंद खोलीत बिडी ओढतात, असं ठरलं. मी मरायला टेकलो होतो आणि मला चिंता होती ती माझ्या बदनामीची. औरंगाबादला सलाईनमधून केमो चालू असायची, एका बाजूला उलटीचं भांडं ठेवलेलं, आणि मी डोळे मिटून हॉटेलातल्या लोकांना काय उत्तर द्यायचं ते जुळवत असायचो.

केमोनं केस गेले. छातीतलं पाणी गेलं नाही.

दादाचा मुलगा तेव्हा सिंगापूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला होता. आमच्या वाड्यातला विमानात बसलेला पहिला माणूस. त्याचा फोन आला. "काका, इथं एका गोळीवर उपचार करून राहिलेत. केमो नाही. कॅन्सरच्या पेशीत एक खटका असतो, ती गोळी नेमका तोच बंद करते. पण तो खटका सगळ्यांच्या गाठीत नसतो. आधी तपासावं लागतं. तुमी या."

मी नाही म्हणालो. तो ऐकेना. तिकीट, दवाखाना सगळं त्यानं अंगावर घेतलं. बायकोकडं पासपोर्ट नव्हता. दादाकडं होता, पोराकडं जायचं म्हणून काढलेला आणि ट्रंकेत तसाच पडलेला. माझा घाईनं काढला. म्हणजे माझ्यासोबत परदेशात कोण जाणार, तर दादा.

जायच्या आधी मी एक मोठं काम केलं. मी परत येणार नाही, असं मनाशी धरून माझ्या वस्तू वाटून टाकल्या. सायकल शिपायाला दिली. रेडिओ मेव्हण्याला. लग्नातला कोट गणिताच्या सरांना, कारण त्यांच्या मापाचा तोच होता. शाळेनं निरोपाची सभा ठेवली. तीत मी असं भाषण केलं, की पहिल्या रांगेतल्या बाया हुंदके देऊ लागल्या. मग मलाही चेव आला आणि मी आणखी पाऊण तास बोललो. घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुमी जाऊन राहिले का मरून राहिले? एक काय ते ठरवा, म्हंजे मला तसं बांधून देता येईल."

तिनं शेंगदाण्याच्या पोळ्या बांधून दिल्या.

तपासणीसाठी माझ्या गाठीचा तुकडा सोबत न्यायचा होता. औरंगाबादच्या दवाखान्यानं तो मेणाच्या छोट्या वडीत बसवून दिला होता. नखाएवढा. मी तो चुन्याच्या रिकाम्या डबीत ठेवला, डबी टॉवेलात गुंडाळली आणि टॉवेल हातातल्या बॅगेत. बॅग भरायला दादानं मदत केली. इतक्या आपुलकीनं केली, की मला गहिवरून आलं. तेव्हाच शंका यायला पाहिजे होती.

नांदेडहून हैदराबाद आणि हैदराबादहून विमान. हैदराबादेत दादाला परकं वाटलंच नाही. निजामाच्या काळापासूनची आपली बोली, म्हणून तो विमानतळावरच्या शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांशी "क्या मियां, सब बराबर?" करत चालला होता. मी मात्र इंग्रजीची उजळणी करत होतो. इंग्रजीवर माझा फार भरवसा. शाळेत पाहुणे आले की इंग्रजीत आभार मानायचं काम माझंच असे.

सिंगापूरला उतरलो. कस्टमच्या टेबलाशी एका तरुण अधिकाऱ्यानं माझी बॅग बाजूला घेतली. चेहरा पोरसवदा, शर्ट कडक इस्त्रीचा. त्यानं आधी टॉवेल सोडून चुन्याची डबी उघडली.

"हे काय आहे?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

मला "माझ्या गाठीचा नमुना" असं सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "धिस इज मी."

तो माझ्याकडं बघत राहिला. मी घाईनं फाइल काढून दिली. त्यानं वाचली. चेहरा मऊ झाला. डबी त्यानं हलक्या हातानं बंद करून ठेवली. मग टॉवेल उचलला. टॉवेलाखाली माझा स्वेटर होता. स्वेटरच्या दोन्ही बाह्या फुगलेल्या होत्या. त्यानं एक बाही झटकली आणि टेबलावर बिडीची बंडलं पडली. दुसरी झटकली. आणखी पडली.

मी दादाकडं पाहिलं. दादा छताकडं बघत होता.

"मास्तराची बॅग कोन उघडील असं वाटलं," तो हळूच म्हणाला.

अधिकाऱ्यानं एका हातात माझी फाइल घेतली, दुसऱ्या हातात बंडल. फाइलवर लिहिलेलं वाचलं: फुप्फुसाचा कॅन्सर, शेवटची पायरी. बंडलाचा वास घेतला. मग अतिशय दुःखानं माझ्याकडं पाहिलं.

"अंकल," तो म्हणाला, "अजूनही?"

आता बघा, हीच ती वेळ होती. आयुष्यभर घोकलेलं ते वाक्य इंग्रजीत मला पाठ होतं. पण जीभ उचलेना. तोंडातून फक्त "ब्रदर, ब्रदर" एवढंच निघालं. त्याला वाटलं, मी त्याला भाऊ म्हणतोय. तो आणखी विरघळला. त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि धुरानं फुप्फुसाचं काय होतं ते शांतपणे समजावून सांगितलं. फार चांगलं सांगितलं. कापसाचा प्रयोग तेवढा त्याला ठाऊक नव्हता. दादाला इंग्रजी येत नव्हतं, पण तो प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. शेवटी म्हणाला, "बराबर बोलून राहिला, मास्तर. ऐक जरा."

बिड्या तिथंच ठेवून घेतल्या. बाहेर पुतण्या वाट बघत होता. त्याला सगळं सांगितलं, तेव्हा तो हसला नाही. गाडीत बसल्यावर बापावर ओरडला, "बाबा, काहून असं करता हो तुमी?" आणि दादा खिडकीबाहेर तोंड करून बसला. तेव्हा मला त्याची कीव आली. त्याच्या डोळ्यांना त्या चकचकीत शहरातलं काहीच दिसत नव्हतं, हे त्याच्या मानेवरून कळत होतं.

दवाखाना इतका स्वच्छ होता, की पाय कुठं ठेवावा कळेना. तिथल्या डॉक्टरीणबाई ठेंगण्या, हळू बोलणाऱ्या. खोलीत शिरल्याबरोबर बिड्यांवाचून कासावीस झालेला दादा खोकला, आणि बाईंनी पुढं होऊन त्यालाच तपासायच्या खुर्चीत बसवलं. "हा नव्हे, मी," असं मला सांगावं लागलं. मी आजारी आहे हे पटवून द्यायला उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच कष्ट पडले.

मग तो प्रश्न आलाच. "तुम्ही कधी धूम्रपान केलंय?"

मी सांगितलं, "नेव्हर."

बाई चक्क हसल्या. "छान," त्या म्हणाल्या. "जे ओढत नाहीत, त्यांच्या गाठीत तो बदल, म्हणजे गोळीनं बंद होणारा खटका, सापडण्याची शक्यता जास्त असते. तुमचा तुकडा तपासू या."

छान! एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझं बोलणं खरं धरलं होतं. इतकंच नाही, त्याचा काही उपयोग आहे असंही म्हटलं होतं. त्यांनी कागद पुढं करून गावच्या हॉटेलातल्या लोकांसाठी एक सर्टिफिकेट लिहून द्यावं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात दादानं माझा हात धरला.

"मास्तर, बाईला एक इचार."

"काय?"

"इचार, की..." तो थांबला. "आपन लहानपनी एकाच खोलीत निजत व्हतो. मी बिडी प्यायचो, तू बाजूला अभ्यास करायचा. खिडकी नव्हती त्या खोलीला. तो धूर समदा तुझ्या छातीत गेला का? माझ्यामुळं झालं का हे? इचार."

पुतण्या खाली बघायला लागला. मी इंग्रजी जुळवायला गेलो, जुळलं नाही. शेवटी पुतण्यानंच विचारलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, की नेमकं कशानं झालं हे कुणालाच सांगता येत नाही. दुसऱ्याच्या धुरानंही अपाय होतो, हे खरं. पण ह्या जातीचा आजार ज्यांच्या घरात कधी धूर नव्हता अशा लोकांनाही होतो. ह्यांनी हा भार वाहू नये.

"काय म्हनली?" दादानं मला विचारलं.

तीस वर्षं मी ह्या माणसाला व्याख्यानं दिली होती. घरात, शेतात, लग्नाच्या पंगतीत. इतका कान देऊन त्यानं माझं कधीच ऐकलं नव्हतं. धुराबद्दल मी आत्ता जे म्हणीन ते त्यानं मरेपर्यंत मानलं असतं.

"म्हणाल्या, तुझ्यामुळं नाही," मी म्हणालो.

"अजून काय म्हनली? लई बोलली ती."

"तेच म्हणाल्या. इंग्रजीत जरा लांबतं."

त्यानं डोळे पुसले. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर येऊन बसलो.

तपासणीचा निकाल यायला काही दिवस लागले. आम्ही पुतण्याच्या अकराव्या मजल्यावरच्या घरात राहत होतो. दादा सारखा खाली जायचा. तिथं इमारतीचं बांधकाम करणारे तमिळ मजूर दुपारी जेवायला बसत. त्यातल्या एक-दोघांना मोडकं हिंदी यायचं. दादा त्यांच्यात जाऊन बसायचा आणि ते त्याला सिगारेट द्यायचे. वर आला की लिफ्टमध्येच बडीशेप चघळायचा, मला वास येऊ नये म्हणून. मला यायचा. मी काही बोलायचो नाही. मी वर बसून खिडकीतून जहाजं बघायचो आणि निकाल वाईट आला तर बायकोला फोनवर कसं सांगायचं ते ठरवायचो. माझं सगळं आयुष्य असं आधी भाषण तयार करण्यात गेलं.

ते भाषण वाया गेलं. तो बदल माझ्या तुकड्यात सापडला.

गोळी रोज एक, तीही एवढीशी. त्यासाठी समुद्र ओलांडून आलो, हे मला पटेना. मी दादाला म्हणालो, "एवढ्या गोळीनं काय होणार?" दादा म्हणाला, "गोफनीतला दगड लहानच असतो. नेम बसला पायजे."

पंधरवड्यात माझ्या तोंडावर पुटकुळ्या आल्या. साध्यासुध्या नाहीत. नाकावर, गालांवर, कपाळावर, लालभडक, सोळाव्या वर्षी येतात तशा. मी हबकलो. डॉक्टरीणबाईंना मात्र आनंद झाला. म्हणाल्या, ज्यांना ह्या येतात त्यांना बऱ्याचदा गोळी लागू पडलेली असते. पोटही बिघडलं. मी बसमध्ये बसायचो तो उतरायच्या दाराजवळ. पण एका सकाळी मी पुतण्याच्या घरातून खालच्या बागेपर्यंत चालत गेलो आणि परत आलो, आणि बाकावर बसल्यावर माझ्या ध्यानात आलं, की वाटेत मी कुठंच थांबलो नव्हतो. मी पुन्हा उठलो आणि पुन्हा एक चक्कर मारली. खात्री करून घ्यायला.

गोळ्या सोबत घेऊन आम्ही गावी परतलो. स्टँडवर उतरलो तेव्हा डोक्यावर कोवळे केस उगवलेले आणि तोंडभर पुटकुळ्या. पहिला भेटला तो शिपाई, माझ्या सायकलवर. मला बघून तो सायकलवरून उतरला, सायकल माझ्यापुढं उभी केली आणि अपराध्यासारखा बाजूला झाला. "असू दे, असू दे," मी म्हणालो. रेडिओचंही तेच झालं. गणिताचे सर मात्र सगळा हिवाळा माझा कोट घालून माझी तब्येत विचारायला येत राहिले. त्यांच्या अंगावर तो जास्त शोभतो, हेही मला कबूल करावं लागलं. ज्या बाया माझ्या भाषणाला रडल्या होत्या, त्या मला बघून जरा ओशाळायच्या. आपण उगाच रडलो, असं त्यांना वाटत असावं. इतक्या मनापासून निरोप दिलेला माणूस परत आला, की लोकांची मोठी पंचाईत होते.

बायकोनं दारात उभं राहून मला खालवर न्याहाळलं. "हे काय तोंडाला?"

"गोळी लागू पडली त्याची खूण."

"लग्नाच्या वक्ताला बी एवढ्या नव्हत्या," ती म्हणाली, आणि मग बसस्टँडवर रडली होती तशी रडली, पण ह्या वेळी हसत हसत.

नांदेडच्या डॉक्टरांनी नवा फोटो आणि जुना फोटो खिडकीच्या उजेडाला शेजारी शेजारी धरला. पाणी गेलं होतं. मोठा डाग आक्रसून बोटाच्या पेराएवढा झाला होता. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, तुम्ही खरंच ओढत नव्हता म्हणायचं." मी दोन्ही फोटो पिशवीत घातले. उत्तर द्यायची हौसच फिटली होती.

ह्याला आता चार वर्षं होत आली. मी बरा झालो, असं कुणी म्हणत नाही. मधे एकदा पाठीच्या मणक्यात दुखलं, तिथं किरणांचा शेक दिला. गेल्या फोटोत तो पेराएवढा डाग किंचित वाढलाय. पुतण्या म्हणतो, नव्या गोळ्या येऊन राहिल्यात, बघू. आम्ही बघतो आहोत. गोळी आता आपल्याकडंच मिळते, म्हणून समुद्र ओलांडावा लागत नाही. मी पुन्हा शाळेत जातो, तास घेतो. जिना हळू चढतो. दादाला मी बिडीबद्दल काही बोलत नाही. तो माझ्यासमोर ओढत नाही. बाकीचं आम्ही एकमेकांना विचारत नाही.

माझी ख्याती मात्र पसरली. कुणाच्या घरी हा आजार निघाला की लोक माझ्याकडं येतात, अगदी औंढ्याहून, शिरड शहापूरहून. मी त्यांना बसवून खटका, गोळी, तपासणी सगळं समजावतो; फळ्यावर काढतो तशी पेशीची आकृतीही ओसरीवर खडूनं काढून दाखवतो. गेल्या महिन्यात शिरड शहापूरजवळच्या तांड्यावरची एक म्हातारी लेकासोबत आली. तिलाही हाच कॅन्सर निघालेला. मी आकृती काढली. खुणा केल्या. लेक मान डोलावत होता. म्हातारी आकृतीकडं बघत नव्हती. माझ्या तोंडाकडं बघत होती. मी दम खायला थांबलो, तेव्हा तिनं विचारलं, "मास्तर, गोळी चालू झाल्यावर भाकर ग्वाड लागती का?"

मला आठवावं लागलं. "पहिला महिना नाही," मी म्हणालो. "मग लागायला लागली."

"मिरची?"

"ती अजून झोंबते. पण लागते."

"मग चालते," ती लेकाला म्हणाली. "चल, नांदेडला जाऊ." आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. मी अजून तपासणीच्या मुद्द्यावर यायचा होतो. खडू हातातच होता. मी म्हणालो, "आई, थोडं बाकी आहे."

"ते ह्याला सांगा," ती म्हणाली, आणि पायात चपला सरकवून आमच्या ओसरीच्या पायऱ्या उतरायला लागली.